मेलेली डुकरं मोजली, उरलेली कोण मोजणार?

मागच्या पावसाळ्यात माझा प्रबंध अडकला होता. दुसऱ्या प्रकरणातले आकडे काही केल्या जुळत नव्हते. अशा वेळी माणूस जे करतो तेच मी करत होते: रात्री एक वाजता फोनवर व्हिडिओ. माझा विषय आहे रानडुकरांमुळे होणारं पिकांचं नुकसान. हे आता माझ्या फोनलाही पाठ झालंय, त्यामुळे तो मला अमेरिकेतल्या टेक्सासमधले रात्रीच्या डुक्कर-शिकारीचे व्हिडिओ एकामागून एक दाखवत राहतो.

तुम्ही बघितले नसतील तर थोडक्यात सांगते. करड्या पडद्यावर पांढरे ठिपके हलत असतात. नीट बघितलं की ते ठिपके म्हणजे शेतात नाक खुपसून चरणारी वीस-पंचवीस डुकरं असतात. कुणीतरी दबक्या आवाजात आकडे मोजतो, तीन, दोन, एक, आणि मग रायफलींचा धडाका. ठिपके सैरावैरा पळतात, काही जागेवर पडतात. शेवटी टॉर्चच्या उजेडात मेलेली डुकरं ओळीने मांडलेली दिसतात आणि शिकारी सांगतो, आज रात्री चौदा. पुढचं वाक्य बहुतेक व्हिडिओंत सारखंच असतं: या शेतकऱ्याला आम्ही मोठी मदत केली.

गणपतीत भोरजवळ मामाकडे गेले होते. मामाच्या भुईमुगात आदल्याच आठवड्यात डुकरं शिरून गेली होती. शेंगा भरत आल्या होत्या आणि चार-पाच गुंठ्यांत नुसती उकरलेली माती. त्याला मी मोठ्या उत्साहाने त्यातला एक व्हिडिओ दाखवला. त्याने शेवटपर्यंत बघितला आणि विचारलं, "बंदूक झकास आहे. पण काय गं, त्या माणसाचा भुईमूग वाचला का?"

व्हिडिओत याचं उत्तर नव्हतं. मी परत आल्यावर मुद्दाम आणखी चाळीसएक व्हिडिओ बघितले. एकाही व्हिडिओत पुढच्या आठवड्यातलं शेत दाखवलेलं नव्हतं.

मित्रांनो, तुम्ही पेटची किंवा नेटची तयारी करत असाल, संशोधनाचा आराखडा लिहायला घेतला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. शिकार चांगली की वाईट यावर मी आज लिहीत नाहीये. मला या व्हिडिओंमधला दावा तपासायचाय, कारण तोच दावा जरा सभ्य भाषेत आपल्या प्रबंधांमध्येही असतो. "इतके प्राणी काढले, म्हणजे उपाय लागू पडला." यातला 'म्हणजे' तपासू.

आधी टेक्सासची गोष्ट

डुक्कर हा अमेरिकेचा मूळ प्राणी नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी पाळीव डुकरं तिथे नेली. त्यातली सुटली, रानटी झाली. पुढे १९३० च्या दशकात टेक्सासमधल्या काही जमीनमालकांनी आणि हौशी शिकाऱ्यांनी युरोपातलं रानडुक्कर आणून सोडलं. कशासाठी? शिकारीला मजा यावी म्हणून. दोन्हींचा संकर झाला. आज टेक्सासमध्ये अमेरिकेतल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त रानटी डुकरं आहेत. ती पेरलेल्या मक्याच्या ओळीतून चालत जाऊन एकेक दाणा उकरून खातात. भुईमूगही सोडत नाहीत. मामाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आमच्याचसारखी."

तिथला कायदाही वर्षागणिक सैल होत गेलाय. खासगी जमिनीवर डुक्कर मारायला हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, रात्रीची बंदी नाही. २०११ मध्ये पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांना हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायची मुभा देणारा कायदा आला. २०१७ मध्ये गरम हवेच्या फुग्यातून मारायचीही मुभा मिळाली. २०१९ पासून जमीनमालकाची परवानगी असेल तर खासगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही.

रात्रीच का, तर डुकरं उन्हाच्या दिवसांत आणि माणसांचा त्रास वाढला की रात्रीच बाहेर पडतात. त्यांची नजर बेताची असते, पण नाक आणि कान फार तेज. म्हणून शिकारी वाऱ्याच्या उलट्या दिशेने येतो, रायफलीला सायलेन्सर लावतो आणि वर थर्मल स्कोप बसवतो. काही ठिकाणी मका टाकणारं स्वयंचलित यंत्र आधीपासून लावून ठेवलेलं असतं, म्हणजे डुकरांना ठरलेल्या जागी यायची सवय लागते.

थर्मल स्कोप काय दाखवतो

इथे जरा विज्ञान बघू, कारण उपकरण काय मोजतं हे कळल्याशिवाय त्यातून आलेल्या आकड्यावर बोलण्यात अर्थ नाही.

नाइट व्हिजन आणि थर्मल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाइट व्हिजन चांदण्याचा किंवा ताऱ्यांचा जो तुटपुंजा उजेड असतो तो वाढवून दाखवतं. थर्मलला उजेड लागतच नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण बाहेर टाकत असते. थर्मल स्कोप साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण टिपतो आणि गरम वस्तू पांढरी, थंड वस्तू काळी असं चित्र बनवतो. साधी काच हे किरण अडवते, म्हणून त्याचं भिंग जर्मेनियमचं असतं. स्कोपच्या किमतीतला बराच वाटा त्या भिंगाचा असतो.

आता यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, थर्मल दाट झाडीच्या आरपार बघत नाही. मोकळ्या शेतात आलेली डुकरं दिसतात, झुडपात थांबलेली दिसत नाहीत. म्हणजे पडद्यावर दिसलेली संख्या ही 'किमान इतकी' असते. एकूण किती, हे त्यातून कळत नाही. दुसरी गोष्ट, स्कोपला डुक्कर कळत नाही, उष्णता कळते. तो ठिपका वासराचा, कुत्र्याचा किंवा माणसाचाही असू शकतो. ठिपका कशाचा हे ठरवण्याचं काम बघणाऱ्याचं आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

पहिल्या रात्री पंधरा, तिसऱ्या रात्री चार

काही व्हिडिओ मालिकेसारखे असतात. तेच शेत, लागोपाठ तीन-चार रात्री. पहिल्या रात्री मोठा कळप, दुसऱ्या रात्री कमी, तिसऱ्या रात्री दोन-चार. शिकारी म्हणतो, बघा, साफ झालं.

तुम्ही परीक्षक असाल तर काय विचाराल? मी हे विचारेन: डुकरं कमी झाली, की शहाणी झाली?

माद्या आणि पिल्लं कळपाने राहतात. थोराड नर बहुधा एकटे हिंडतात. कळपावर गोळीबार झाला की काही मरतात, बाकीची फुटतात. उरलेली शेजारच्या शेतात जातात किंवा उशिरा, पहाटे यायला लागतात. मका टाकणाऱ्या यंत्राचा आवाज आला की उलट पळायलाही शिकतात. शिकाऱ्याच्या स्कोपमध्ये दोन्ही गोष्टींचं चित्र एकच दिसतं, रिकामं शेत. दोन वेगळी कारणं आणि निरीक्षण मात्र एकच. अशा वेळी ते निरीक्षण दोन्हींपैकी कुठल्याच कारणाचा पुरावा ठरत नाही. वेगळं काहीतरी मोजावं लागतं: शेजारच्या शेतात उकराउकर वाढली का, झुडपातल्या कॅमेऱ्यात किती डुकरं येतायत, महिन्याने काय स्थिती आहे.

यात आणखी एक गोम आहे. चौदा मारली, पण कोणती? एकट्या हिंडणाऱ्या मोठ्या सुळ्यांच्या नराचा फोटो चांगला येतो. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे चार नर मेल्याने पुढच्या वर्षीच्या पिल्लांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. मादी साधारण सहा ते आठ महिन्यांची झाली की वयात येते, गर्भकाळ सुमारे ११५ दिवसांचा, एका वेळी साधारण चार ते सहा पिल्लं, आणि खाणं भरपूर असेल तर वर्षात दोनदाही वीत होऊ शकते. आणि भरपूर खाणं कुठून येतं? त्यातलं थोडं त्या मक्याच्या यंत्रातूनही येतं.

अंश आणि छेद

शाळेत आपण अपूर्णांक शिकलो. वरचा अंश, खालचा छेद. व्हिडिओत फक्त अंश असतो. मग छेद मिळतो कुठे?

टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधकांनी दशकभरापूर्वी राज्यभराचा अंदाज मांडला. २०१० मध्ये सापळे, गोळ्या, कुत्री सगळं मिळून साधारण साडेसात लाख डुकरं काढली गेली. एकूण डुकरं सरासरी २६ लाख. म्हणजे २९ टक्के. आणि संख्या नुसती स्थिर ठेवायची तर दरवर्षी ६६ टक्के काढावी लागतील. हे २९ आणि ६६ तुम्हाला या विषयावरच्या कितीतरी लेखांत भेटतील. शिकारीचे टीकाकार ते फार आवडीने वापरतात. मीही वापरत होते.

आता आपण टीकाकारांचीही तपासणी करू. २६ लाख हा आकडा मोजणीतून आलेला नाही. डुकरांना राहण्याजोगी जमीन किती आणि दर चौरस किलोमीटरला किती डुकरं असू शकतात, यांचा गुणाकार करून तो आला. त्या अंदाजाची व्याप्तीही संशोधकांनी प्रामाणिकपणे दिली होती: १८ लाख ते ३४ लाख. साडेसात लाखांना आधी १८ लाखांनी भागा, मग ३४ लाखांनी. एकदा ४२ टक्के येतात, एकदा २२. अंश तोच राहिला, छेद बदलला आणि उत्तर जवळजवळ दुप्पट झालं. लेखांमध्ये मात्र फक्त '२९' उरतो.

६६ चं बघा. त्याच अभ्यासात वार्षिक वाढीचा अंदाज १८ ते २१ टक्के आहे. कागद-पेन घ्या. समजा २९ टक्के काढूनसुद्धा संख्या २१ टक्क्यांनी वाढते. १०० डुकरांतली २९ गेली, ७१ उरली, ती वर्षअखेर १२१ झाली. म्हणजे उरलेली सुमारे १.७ पट होतात. मग वर्षअखेर १०० च राहावीत म्हणून किती मागे ठेवायची? १०० भागिले १.७, साधारण ५९. म्हणजे ४१ काढायची. आता उलट समजा की ही २१ टक्के वाढ काहीच न काढता होते. तर १०० भागिले १.२१, साधारण ८३ मागे ठेवायची, १७ काढायची.

१७ किंवा ४१. ६६ कुठेच येत नाही. ६६ यायला मागे ठेवलेल्या ३४ डुकरांची वर्षात १०० व्हायला हवीत, म्हणजे जवळजवळ तिप्पट. हे अशक्य नाही. वर सांगितलेला प्रजननाचा वेग बघा, चांगल्या पावसाच्या वर्षी, पिल्लं जगली तर होईलही. पण याचा अर्थ ६६ हा आकडा प्रजननाच्या चढ्या गृहीतकावर उभा आहे. माझा गुणाकार फार साधा आहे, त्यात वय नाही, ऋतू नाही, गर्दी कमी झाल्यावर उरलेल्यांची वीण वाढते तो परिणाम नाही. मोठ्या मॉडेलमध्ये हे सगळं घालता येतं. मग उत्तर बदलणारच. आकडा उचलताना त्याच्या खालची गृहीतकं न उचलता येणं हा आपला आळस आहे, इतकंच मला म्हणायचंय.

नुकसानीच्या आकड्याचंही तसंच. अमेरिकेत रानटी डुकरांमुळे वर्षाला दीड अब्ज डॉलरचं नुकसान होतं, हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. त्याचं मूळ शोधत गेलं की कॉर्नेल विद्यापीठातल्या डेव्हिड पिमेंटेल यांच्या लेखांपाशी पोहोचतो. त्यांच्या २००५ च्या लेखात हिशोब असा आहे: ४० लाख डुकरं, दर डुकरामागे वर्षाला २०० डॉलर, म्हणून ८० कोटी डॉलर. २००७ च्या त्यांच्या लेखात आकडा दीड अब्जावर गेला. पिमेंटेल यांनी गुणाकार लपवला नव्हता, लेखात तो स्पष्ट आहे. पुढे उद्धृत करणाऱ्यांनी गुणाकार गाळला आणि गुणाकाराचं उत्तर 'मोजलेलं नुकसान' म्हणून फिरत राहिलं. आपल्या संदर्भसूचीत अशी किती उत्तरं आहेत, एकदा बघा.

जिथे उरलेली मोजली गेली

आता चांगला पुरावा कसा दिसतो ते सांगते. जॉर्जिया राज्यात फोर्ट बेनिंग नावाचा लष्करी तळ आहे. तिथे २००७-०८ मध्ये डुकरांवर बक्षीस लावलं. एक शेपूट आणा, ४० डॉलर घ्या. हजाराहून जास्त शेपट्या जमा झाल्या. व्हिडिओच्या हिशोबाने ही प्रचंड यशस्वी मोहीम. पण तिथल्या संशोधकांनी डुकरांच्या घनतेचाही अंदाज घेतला होता, मोहिमेच्या आधी आणि नंतर. घनता कमी झालेली दिसली नाही. शिकाऱ्यांनी आमिष म्हणून टाकलेल्या खाद्याचा यात हात असावा, असं त्यांचं मत पडलं.

ही एक जागा आहे, एक वर्षसुद्धा न चाललेली मोहीम आहे. त्यावरून 'बक्षीस कधीच चालत नाही' असं लिहू नका. पण प्रश्न कसा विचारायचा, हे यातून शिका. शेपट्या मोजणं सोपं होतं, त्यांनी अवघड गोष्टही मोजली. आणि शेपट्यांबद्दल एक गंमत: ते शेपूट कुठल्या रानातल्या डुकराचं, हे शेपूट सांगत नाही. पैसे शेपटीला लावले की लोक शेपट्या आणतात. तुम्ही जे मोजाल तेच लोक तुम्हाला आणून देतील, डुकरं कमी होवोत न होवोत.

दुसरं उदाहरण टेनेसीचं. तिथे आधी मोजक्याच भागात डुकरं होती. १९९९ मध्ये राज्याने संख्या आटोक्यात यावी म्हणून राज्यभर शिकार खुली केली, मर्यादा काढली. २०११ पर्यंत ९५ पैकी जवळजवळ ८० काउंटींमध्ये डुकरांचे तुटक तुटक गट पोहोचले होते. राज्याच्या वन्यजीव खात्याचं म्हणणं असं की लोकांनीच ती गुपचूप नेऊन सोडली, आपल्या गावाजवळ शिकार मिळावी म्हणून. मग २०११ मध्ये नियम उलटे फिरवले.

हे उदाहरण माझं लाडकं आहे. म्हणूनच तुम्ही त्याच्याकडे संशयाने बघावं. 'आधी असं होतं, मग हे केलं, नंतर तसं झालं', एवढंच यात आहे. शिकार खुली केली नसती तर डुकरं पसरली नसती का? त्याच काळात इतर राज्यांतही ती पसरतच होती. तुलनेसाठी शेजारचं, शिकार खुली न केलेलं राज्य घेतल्याशिवाय सगळा दोष शिकारीवर टाकता येत नाही. मात्र तुटक तुटक, मध्ये मोठी रिकामी जागा सोडून उगवलेले गट हा वेगळ्या दर्जाचा पुरावा आहे. डुक्कर चालत गेलं असतं तर वाटेतही दिसलं असतं. म्हणजे एकाच गोष्टीत एक पुरावा कच्चा आणि एक बराच पक्का. दोन्ही वेगवेगळे ओळखता आले की तुमची अर्धी तोंडी परीक्षा सुटली.

मिसुरी राज्याने २०१६ मध्ये आपल्या संवर्धन खात्याच्या जमिनींवर डुकरांची हौशी शिकार बंद केली. कारण असं दिलं की गोळीबाराने कळप फुटतात आणि मग सापळ्यात येत नाहीत. त्यांची पद्धत अशी: मोठं गोल जाळीचं कुंपण, आत मका, काही दिवस दार उघडंच. कॅमेऱ्यावर नजर ठेवून सगळा कळप आत आल्याची खात्री झाली की दार पाडायचं. एकही मादी बाहेर राहू द्यायची नाही. यात थरार काहीच नसतो, त्यामुळे व्हिडिओही चालत नाहीत.

शिकाऱ्यांच्या बाजूने

टीका करताना समोरच्याची सगळ्यात मजबूत बाजू मांडायची, हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय.

मका नुकता पेरलाय, डुकरं रोज रात्री येतायत, आणि सापळ्याची सवय लागायला दहा दिवस लागणार. तोवर ओळीच्या ओळी जातील. अशा वेळी चार रात्री गोळीबार करून कळप हुसकावला तरी त्या शेतकऱ्याचं त्या आठवड्याचं काम झालं. त्याला राज्यातली संख्या कमी करायची नव्हतीच. सापळ्याला न फसणारं शेवटचं चलाख जनावर काढायलाही रात्रीची रायफल उपयोगी पडते. तेव्हा 'रात्रीची शिकार निरुपयोगी' हे वाक्य 'रात्रीची शिकार हाच उपाय' याइतकंच ढिलं आहे. कशासाठी उपयोगी, किती जागेत, किती दिवस, हे विचारलं की दोन्ही वाक्यं गळून पडतात.

पण मग दावाही तेवढाच करायला हवा. 'आज हे शेत वाचवलं' हा एक दावा, 'टेक्सासचा प्रश्न सोडवतोय' हा अगदीच वेगळा. व्हिडिओ पहिल्याचा थोडाफार पुरावा देतात आणि घोषणा दुसऱ्याची करतात. शिवाय जिथे जमीनमालकाला शिकारीच्या गिऱ्हाइकांकडून पैसे मिळतात, तिथे डुकरं पूर्ण संपणं त्याला परवडणारं आहे का, हाही प्रश्न उरतोच.

आणि आपण

हे सगळं मला इतकं टोचतं कारण मी स्वतः तीच चूक केली होती. माझ्या पहिल्या आराखड्यात मी रानडुकरांचा उपद्रव मोजायला नुकसानभरपाईचे अर्ज घेतले होते. अर्ज वाढले म्हणजे डुकरं वाढली, असा सरळ हिशोब. सादरीकरणात समितीतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "डुकरं वाढली की अर्ज भरून देणारा कुणी गावात आला?" मला उत्तर देता आलं नाही. सहा महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, मामाचा आणि त्या बाईंचा प्रश्न एकच होता.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. "तिकडे बघा, कसं झटपट करतात", असं आता गावांत ऐकू येतं. आपल्याकडेही पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना रीतसर परवानगी घेऊन मारण्याची तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे. शेतकऱ्याचा त्रास खरा आहे, त्यावर शहरात बसून भाषण देणाऱ्यांतली मी नाही. पण टेक्सास उचलून इथे ठेवता येत नाही. तिथे डुक्कर बाहेरून आलेलं, इथे ते मूळचं रानातलं, वाघ-बिबट्याचं भक्ष्य. तिथे एकेका मालकाची शेकडो एकर सलग जमीन, इथे मामाच्या दीड एकराला चार बांध लागून आहेत.

आणि त्या बांधांवर रात्री माणसं असतात. भुईमूग काढेपर्यंत मामा रोज राखणीला जातो. माळ्यावर बसतो, डबा वाजवतो, मधूनच फटाका लावतो. पलीकडच्या शेतात आणखी कुणीतरी असतंच. पहाटे थंडी वाजली की ते घोंगडी पांघरून, गुडघे पोटाशी घेऊन बसतात. थर्मल स्कोपमध्ये ते कसे दिसतील याचा विचार मी त्या रात्री पहिल्यांदा केला. करड्या शेतात, पिकाच्या उंचीचा, न हलणारा एक पांढरा ठिपका. त्यानंतर मला ते व्हिडिओ पूर्वीसारखे बघता आले नाहीत.

तुमच्या आराखड्यासाठी

कुठल्याही 'उपायाचा परिणाम' तपासणारा विषय घेतला असेल, मग तो डुकरांचा असो, डासांचा असो की गाजरगवताचा, लिहायला बसण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहा:

तुम्ही किती काढलं हे मोजताय, की किती उरलं हे? छेद कुठून आणला, आणि त्याची व्याप्ती काय? आकडा कमी झाला तर त्याची आणखी कोणती कारणं असू शकतात, आणि ती वेगळी करायला तुम्ही काय मोजणार? उपाय न केलेली तशीच दुसरी जागा तुलनेला आहे का? तुमच्या आवडीच्या बाजूचा आकडा तुम्ही नावडत्या आकड्याइतकाच तपासलाय का? आणि शेवटचा: ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, त्याला हवी असलेली गोष्ट तुमच्या कोष्टकात कुठल्या रकान्यात आहे?

या शेवटच्या प्रश्नाने माझं कोष्टक बदललं. आता आम्ही मामाच्या आणि आसपासच्या अकरा शेतांत एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन आखलेत. काहींना कुंपण आहे, काही उघडे आहेत. दर आठवड्याला उकरलेली रोपं मोजायची आणि शेवटी दोन्हींतल्या शेंगा वाळवून तोलायच्या. काम कंटाळवाणं आहे. पाऊस आला की खुणेचे दोर वाहून जातात, एकदा तर बैलाने खुंट्याच उपटल्या. डुक्कर अजून एकही समोर दिसलेलं नाही.

मामा मात्र खूश आहे. परवा फोनवर म्हणाला, "तुझ्या कुंपणातल्या शेंगा जास्त निघणार, हे मी आत्ताच सांगतो." मी म्हटलं, तोलल्याशिवाय लिहिणार नाही. तो हसला आणि म्हणाला, "मग काट्याची सोय बघ, आमचा बिघडलाय."

काढणी पंधरा दिवसांवर आलीय. काटा मी इकडूनच घेऊन जाणार आहे.